किल्ली काढल्यावर

१

रविवारी आमच्या घरात चहा आधी की गाडी आधी, हा प्रश्न कधीच पडला नाही. गाडी आधी. करण उठायचा, चूळ भरायचा आणि तोंड पुसत पुसतच पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बोनेट उघडून उभा राहायचा. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणते. म्हणावंच लागतं, समोर सासरे बसलेले असतात. पण मनात तो करणच आहे आणि इथंही करणच लिहिते.

मी नर्स आहे, अंबडपासून आत एका उपकेंद्रावर. करण जालन्याला स्टीलच्या कारखान्यात फिटर. आठवडाभर तिथल्या मशिनी दुरुस्त करायच्या आणि सुटीच्या दिवशी घरी गाडी दुरुस्त करायची. बाकीच्या नवऱ्यांना पत्त्यांचा नाद असतो, काहींना त्याहून वाईट असतो, म्हणून मी काही बोलत नसे. गाडी म्हणजे तरी काय, जुनी आठशे सीसीची, पांढरी. आम्ही दोघं, सासरे आणि पाच वर्षांची छकुली एवढे बसलो की पाण्याची बाटली मांडीवर घ्यावी लागायची.

चैत्रात नणंदेचे सासू-सासरे आले. त्यांना देवीला घेऊन निघालो, तर टेकडीच्या चढावर गाडीनं मान टाकली. नणंदेच्या सासूबाई काठापदराची साडी सावरत खाली उतरल्या आणि सगळ्यांनी मिळून धक्का मारला. वर पोचल्यावर त्यांचे यजमान करणला म्हणाले, "पाव्हणं, आपण मेंढरामागची माणसं. हिच्यापरीस एखादी शेळी ठेवली असती, तर तिनं टेकडी तरी चढली असती."

सगळे हसले, मीसुद्धा. करणही हसला, पण घरी आल्याबरोबर तो शेडमध्ये जाऊन बोनेट उघडून उभा राहिला.

२

पुढच्या सुटीला शेडमध्ये जुन्या टायरवर एक इंजिन येऊन बसलं होतं. जालन्यात भट्ट्यांसाठी कुठून कुठून भंगार येतं, त्यात करणला ते दिसलं होतं. चार सिलिंडरचं, तेराशे सीसीचं. आमच्या गाडीच्या इंजिनाशेजारी ते थोरल्या भावासारखं दिसत होतं.

"कोणत्या गाडीचं हाय?" मी विचारलं.

"काय म्हाईत. गाडी तर वितळून गेली असंल, सळया झाल्या असतील तिच्या. हे येकटंच बाजूला पडलं होतं."

बद्रीनाथ आला. बस स्टँडच्या मागं त्याचं गॅरेज आहे, करणचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं इंजिनाभोवती एक चक्कर मारली, मग गाडीभोवती एक मारली आणि मान खाजवली.

"करण्या, बसवशील तू, ते मी न्हाई म्हणत न्हाई. पण बॉडी झेलणार न्हाई. ही गाडी म्हंजी पत्र्याचा डबा. तेच्यात हे धडधडून राह्यलं का डबाच फुटंल."

"अँगल लावू. फाउंडेशन नवं करू. बोनेट लागलं न्हाई तर तेला कापू."

"मंग गाडीच काहून घेत न्हाई मोठी?"

"तीच टेकडी, हीच गाडी," करण म्हणाला. "दुसरी घेऊन चढली तर तेच्यात काय हाय?"

मी आतून चहा घेऊन आले तेव्हा दोघं मोजमापं घेत होते. नवऱ्याच्या अपमानावर औषध नसतं, हे मला नर्स होण्याआधीपासून माहीत आहे, म्हणून कप ठेवून मी परत आत गेले.

आख्खा एप्रिल तेच. शेडच्या लोखंडी पाइपाला चेन पुली टांगली, जुनं इंजिन वर उचललं, बाजूला काढलं. त्या रिकाम्या जागेत नवं मावेना. मग पुढचा पत्रा कापला, फाउंडेशनला, म्हणजे इंजिन ज्या चौकटीवर बसतं तिला, जाड पट्ट्या जोडल्या, रेडिएटर पुढं सरकवला. माझे सासरे राधाकिसन, त्यांना मी मामा म्हणते, बाजेवर बसून सगळं बघत असायचे. त्यांचं आयुष्य मेंढरामागं हिंडण्यात गेलं. आता गुडघे गेल्यामुळं ते बाजेवरून हिंडतात, असं करण त्यांना चिडवायचा. छकुली त्यांच्या पायाशी बसून नट-बोल्टची भातुकली मांडायची.

३

इंजिन बसलं, पण टिकेना. सेल्फ मारला की लागायचं, जरा गुरगुरायचं आणि विझायचं. करण आणि बद्रीनाथनं प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला, टायमिंग फिरवून पाहिलं. पुन्हा तेच. मे उजाडला होता, शेडचा पत्रा हात लावू देत नव्हता, आणि दोघांच्या अंगावर कोरडं म्हणून काही शिल्लक नव्हतं.

शेवटी करण पाना टाकून खाली बसला. मामा बाजेवरून हसले.

"आरं, तेला घर कळंना. नवं कुत्रं आणलं का असंच करतंय. राहत न्हाई, पळून जातंय."

"मंग काय करू दादा, साखळी बांधू?" करणनं बापाला विचारलं.

"साखळीनं कुत्रं राहतंय व्हय? भाकरी काखेत धरायची. सकाळधरनं मेंढरामागं हिंडायचं, भाकरी घामानं भिजली का तीच तेला खाऊ घालायची. मंग ते धनी सोडत न्हाई. म्या समदी कुत्री अशीच राखली. येक बी गेलं न्हाई."

बद्रीनाथ खो खो हसला. करणला तेवढंच निमित्त पुरे होतं. त्यानं अंगातला बनियन काढला, तो धुण्याच्या बादलीतून काढल्यासारखा भिजलेला होता, आणि कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर धरून दोन्ही हातांनी पिळला.

"घे बाबा, खा. पोटभर खा."

थेंब आत गेले. छकुली टाळ्या वाजवायला लागली. मी दारातून म्हणाले, "शी! आंघोळ तरी केल्ती का आज?"

करणनं सेल्फ मारला. इंजिन लागलं, गुरगुरलं, आणि राहिलं. आम्ही सगळे बंद पडायची वाट बघत उभे होतो. ते बंद पडलं नाही.

४

त्याच संध्याकाळी आम्ही टेकडीवर गेलो. मामासुद्धा आले. चढ लागला तेव्हा मी सवयीनं पाय दाबून बसले होते, पण गाडी अशी वर गेली की मागं कुणी ढकलतंय असं वाटावं. करणनं खिडकीतून हात बाहेर काढून आरोळी ठोकली. मला इतका आनंद झाला होता की मी मामांसमोरच त्याच्या पाठीत धपाटा घातला.

घरी आलो. त्यानं गाडी शेडमध्ये लावली, किल्ली काढली, खाली उतरला आणि किल्ली बोटावर गरगर फिरवत माझ्यापर्यंत आला. गाडी चालू होती.

"अहो, बंद करा की."

"केलीय," तो म्हणाला आणि किल्लीकडं बघायला लागला.

इंजिन दोन-चार गचके देऊन थांबलं. मला ते आवडलं नाही, पण बद्रीनाथला फोन केला तर तो म्हणाला, कार्बन आहे वहिनी. जुन्या इंजिनात काजळी साचते, ती लाल होते, मग किल्ली काढली तरी आत उरलेलं पेट्रोल आपोआप पेटत राहतं. जुन्या गाड्यांत असं चालतंच. मी मोबाइलवरही वाचलं, तिथंही तेच लिहिलेलं होतं. कारण कळलं की माझं समाधान होतं, तसं ते त्या दिवशी झालं.

५

मग ते गचके लांबत गेले. आधी करण पाय धुवून येईपर्यंत, मग चहा होईपर्यंत. शेडमधून तो आवाज येत राहायचा, मंद, गुटगुट, मध्येच एक ठोका चुकलेला. चौथा सिलिंडर मिस मारतोय, असं बद्रीनाथ म्हणायचा. करणला त्याचं कौतुकच होतं. "मला सोडवंना तेला," म्हणायचा.

एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तरी ते चालूच होतं. करण उठून गेला, पेट्रोलचा पाइप काढला. चालू. बॅटरीची वायर काढली. चालू. पाइपात उरलं असेल थोडं, असं तो तिथूनच ओरडून म्हणाला. मग त्यानं इंजिनावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. मी दारातून बघत होते. त्याचा हात वर असतानाच आवाज हळूहळू खाली गेला आणि थांबला. तापलेल्या इंजिनावर इतका वेळ हात ठेवला तर कातडी सोलून निघते. त्याच्या तळव्यावर साधा लाल डागही नव्हता.

तो येऊन जेवायला बसला आणि रोजच्या दुप्पट जेवला. मी त्याच्या समोर पाणी ठेवलं. पेल्यातलं पाणी थरथरत होतं. पंख्यामुळं असेल म्हणून मी पंखा बंद केला. पाणी थरथरतच राहिलं. करणचा दुसरा हात पेल्याशेजारी जमिनीवर टेकलेला होता. तो त्यानं उचलला तेव्हा पाणी थांबलं.

आमच्या पेशात मनगट धरायला परवानगी लागत नाही. मी सहज धरल्यासारखं धरलं. नाडी भराभर चालली होती, बारीक, सारखी, आणि मध्येच एक ठोका चुकत होता. थोड्या वेळानं पुन्हा तसाच चुकला.

"काय बघून राह्यली?"

"काही न्हाई. चहा कमी करा," मी म्हणाले. अशी नाडी चहानं होते, जागरणानं होते, उन्हानं होते, थायरॉइडनं होते. ही सगळी कारणं मी भांडी घासताना मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते.

६

बद्रीनाथ आला तेव्हा गाडी सकाळपासून चालू होती. करण कारखान्यात गेलाच नव्हता, अंगात कणकण आहे म्हणाला. बद्रीनाथनं टाकी उघडून आत काडी घातली. काडी कोरडी निघाली. त्या दिवशी त्यानं चहा घेतला नाही.

"वहिनी, हे कशावर चालून राह्यलंय, मला सांगता येणार न्हाई," तो म्हणाला. "पण कोणतं बी इंजिन असो, हवा बंद केली का बंद पडतंय. तेला दुसरा इलाज न्हाई."

त्यानं फिल्टरचं झाकण काढलं आणि कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबला. आवाज घुसमटला. मी त्याच्या शेजारी उभी होते. करण ओट्यावर बसून छकुलीला टरबूज कापून देत होता. पहिल्यांदा मला सुरी खाली पडल्याचा आवाज आला.

वळून बघते तर तो दोन्ही हातांनी गळा धरून वाकला होता. तोंड उघडं, पण आत काही जात नव्हतं. टरबुजाची फोड अडकली असं वाटून मी धावले, पाठीत मारलं, मागून कवेत घेऊन पोट दाबलं. ओठ निळे पडायला लागले. छकुली किंचाळली, तिच्या आवाजानं बद्रीनाथनं दचकून हात काढला. इंजिन धापा टाकत पुन्हा लागलं, आणि माझ्या हातात करणनं एक लांब श्वास ओढला.

त्याच्या तोंडातून फोड वगैरे काही बाहेर पडलं नव्हतं. कापलेलं टरबूज ताटात जसंच्या तसं होतं.

मी शेडकडं पाहिलं. बद्रीनाथ हात हवेत धरून उभा होता.

"परत करा," मी म्हणाले.

"वहिनी..."

"येकदाच. जरासं."

मला खात्री करून घ्यायची होती. आजही वाटतं, नसती केली तर बरं झालं असतं, आशेला थोडी जागा राहिली असती. बद्रीनाथनं डोळे मिटून तळवा ठेवला. माझ्या मांडीवर करणचं अंग ताठ झालं. मी ओरडले, बद्रीनाथनं हात काढला आणि तो तसाच भिंतीला टेकून खाली बसला.

त्यानंतर आमच्याकडं ती गाडी बंद करायचं कुणी नाव काढलं नाही. ती रात्रंदिवस चालू असते.

७

जालन्याला एसटीनं गेलो. हृदयाच्या डॉक्टरांकडं आधी ईसीजी काढला. कागदावरची रेष सरळच येईना, नुसती दातेरी करवतीसारखी. टेक्निशियननं वायरी काढून पुन्हा लावल्या.

"करंट येतोय. जवळपास कुणी मोटर चालू केलीय का?" असं म्हणत तो बाहेर बघून आला. बाहेर मोटर नव्हती. करण टेबलावर उघड्या अंगानं पडून छताकडं बघत होता. मी खाली मान घालून बसले होते.

मग एक्स-रे. डॉक्टरांनी तो उजेडाच्या चौकटीवर लावला आणि विचारलं, "आधीचा एखादा आहे का?" कारखान्यात दरवर्षी तपासणी होते, गेल्या वर्षीचा मी सोबत घेतला होता. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी लावले.

"हे एकाच माणसाचे आहेत ना?"

"हो."

"छातीच्या मानानं हार्ट फारच मोठं झालंय. एवढ्या थोड्या काळात एवढं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मी नर्स म्हणून ते माझ्याशी नीट बोलले. स्नायू कमजोर होऊन हृदय फुगतं, असा आजार असतो, मी तो शिकलेय. संभाजीनगरला दाखवा म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या. करण कपडे घालायला पडद्यामागं गेला तेव्हा त्यांनी आवाज खाली केला. "शरीर किती दिवस झेलेल, ते मात्र सांगता येणार नाही."

संभाजीनगरलाही जाऊन आलो. तिथं मशिनी मोठ्या होत्या, उत्तर तेच होतं.

परतीच्या एसटीत मी पदर तोंडाला लावून रडले. करणनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "रडू नको ना. मला खरंच बरं वाटून राह्यलंय. लई ताकद आल्यासारखी वाटती. फक्त हाडं दुखतात." त्याच्या हाताखाली माझा गुडघा थरथरत होता. अंबड येईपर्यंत मी तो हात बाजूला केला नाही.

८

मामांना मी विचारलं. करण आत पडलेला होता, छकुली त्याच्याजवळ होती. मी बाजेच्या खाली, त्यांच्या पायाशी बसले.

"मामा, असं कुत्रं धन्यापासून सोडवायचं कसं?"

त्यांनी शेडकडं पाहिलं.

"सोडवायसाठी कोन खाऊ घालतंय पोरी? राहावं म्हणूनच घालत्यात."

"तरी पण. काही तर करत असतील लोकं."

"न्हाई. आमाला कधी गरजच पडली न्हाई." मग त्यांचा आवाज फुटला. "म्या चेष्टेत बोल्लो गं. करण्या बी चेष्टेतच करून राह्यल्ता. तू होतीस की तिथं."

मी होते. मीही हसले होते. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

गाडी फाटायला लागली होती. आधी फाउंडेशनच्या पट्टीला बारीक चीर गेली. त्या दिवशी करणच्या बरगडीत कळ आली, खोकला आला की तो बाजूला दाबून धरायचा. बद्रीनाथ येऊन वेल्डिंग करून गेला आणि संध्याकाळी करण उठून बसला, भाकरी खाल्ली, छकुलीला पाठीवर घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मला वाटलं, जमलं. एवढंच तर करायचं आहे, चीर पडली की जोडायची. माणसं आयुष्यभर डायलिसिस करतात, मशीन छातीत घालून जगतात, तसं हे.

मग दुसऱ्या बाजूला चीर गेली. मग दाराच्या खांबाला, मग खाली, जिथं बद्रीनाथला गाडीखाली झोपून पोचावं लागत होतं. करणच्या खांद्याचं हाड सुजलं. दात हलायला लागले. चालताना त्याच्या गुडघ्यांतून खटखट ऐकू यायचं. बद्रीनाथ रोज येत होता, गॅरेज बंद ठेवून. एकदा तो गाडीखालून बाहेर आला आणि वेल्डिंगची काच डोळ्यांवरून वर न करता तसाच बसला.

"पत्राच राह्यला न्हाई वहिनी. जोडू कशाला? काडी लावली का भोकच पडून राह्यलंय."

"मंग इंजिन खाली घ्यायचं? टायरवर ठेवलं तर? बॉडीवर भारच नको."

"तेला खोलायचं म्हणलं तर..." त्यानं करणच्या खोलीकडं पाहिलं. "येक नट ढिला केल्ता मी सकाळी. अर्धा आटा. आतून आवाज आल्ता, आयकला न्हाई का तुम्ही?"

ऐकला होता. करणच्या त्या ओरडण्यावर मीच त्याला वेदनाशामक इंजेक्शन दिलं होतं. बद्रीनाथनं नट परत कसला, सामान गोळा केलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याला दोष द्यावा असं मला वाटलं नाही.

९

काल दुपारची गोष्ट. लाइट गेलेली. उन्हासाठी खिडक्यांना ओली पोती लावलेली, त्यामुळं आतल्या खोलीत चांगलाच अंधार होता. करण गादीवर आणि त्याच्या उघड्या छातीवर गाल टेकून छकुली झोपलेली. हल्ली ती दुपारी तिथंच झोपते. लवकर झोप लागते म्हणते, गाडीत बसल्यासारखं वाटतं म्हणते. मी तिला उचलून बाजूला केलं तेव्हा तिचे केस, गाल, फ्रॉकचा गळा सगळं त्याच्या घामानं चिंब झालं होतं. ती जागी झाली आणि ओठ चाटत उठून बसली.

करणचा आवाज दोन दिवसांपासून बसला होता. बोललं की घोगरं, आणि खोकल्यातून काळसर काहीतरी यायचं. मला मनातून हायसं वाटलं होतं, खरं सांगते. घसा बसणं हा माझ्या ओळखीचा आजार होता. त्यावर माझ्याजवळ गोळ्या होत्या.

"उठ, घसा दाखव," मी म्हणाले. मोबाइलचा टॉर्च लावला, चमच्याच्या दांडीनं जीभ दाबली. "आ कर."

"आ."

घसा लाल होता. मागच्या भिंतीवर काळा, तेलकट थर होता, बोट लावलं असतं तर निघाला असता. टॉन्सिल ठीक. सूज फार नाही. मी मनात गोळीचं नाव ठरवलं आणि अंगठ्यानं टॉर्च बंद केला.

उजेड गेला नाही.

चमचा अजून त्याच्या जिभेवर होता. घशाच्या खाली, खोल, जिथं माझा टॉर्चही पोचला नव्हता, तिथं बारीक निळा उजेड लुकलुकत होता. विझायचा, लागायचा, विझायचा, लागायचा. मध्येच एकदा लागायचा चुकला. शेडमधून त्याच क्षणी चुकलेला ठोका ऐकू आला. त्या उजेडात आत काहीतरी ओलं, चकचकीत वर आलं आणि खाली गेलं. पुन्हा वर आलं तेव्हा मी चमचा काढला.

करण माझ्या तोंडाकडं बघत होता.

"काय दिसलं?"

इतक्या वर्षांत मी किती लोकांना किती काय काय सांगितलं असेल. आवाज कसा ठेवायचा ते माझ्या अंगवळणी पडलंय.

"काही न्हाई. थोडी लाली हाय. मिठाच्या गुळण्या कर."

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं की माझ्यासाठी पटवून घेतलं, मला कळलं नाही. तो पुन्हा आडवा झाला, भिंतीकडं तोंड करून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मनातल्या मनात त्याला सोडून दिलं. रडू आलं नाही. आता एकच करायचं होतं, छकुलीला घेऊन उद्या सकाळच्या एसटीनं परतूरला, माझ्या आईकडं. ती इथून निघाली पाहिजे. तेवढं एक हातात होतं.

"आई, माझा पण बघ."

छकुली माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. हनुवटी वर, डोळे मिटलेले, तोंड आ करून.

मी टॉर्च लावला. इवलासा गुलाबी घसा. स्वच्छ. दुधाचे दात ओळीनं. सगळं जिथल्या तिथं होतं, काहीसुद्धा नव्हतं. मी पुन्हा पुन्हा बघितलं.

"झालं. मीट तोंड."

"असं न्हाई," ती तोंड न मिटताच बोबडं बोलली. "बंद करून बघ ना. बाबाचा बघितला तसा."

माझा अंगठा बटणावर होता. ती वाट बघत होती, आ करून. मी दुसऱ्या हातानं तिचं डोकं धरलं, ओल्या केसांखाली ते मला थरथरल्यासारखं वाटलं, पण माझाच हात थरथरत असेल.

मी टॉर्च चालूच ठेवला.